वाट दाखवणाऱ्याची सनद

नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी एक रात्र रेल्वे टपाल सेवेच्या डब्यात काढली होती. गाडी कानपूरहून अलाहाबादकडे चालली होती आणि सॉर्टर मंडळी उभ्यानेच कप्प्यांत पत्रे टाकत होती. त्यांच्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांचे हात पाहताना लक्षात आले की, ते पूर्ण पत्ता वाचतच नाहीत. पिनकोडचा पहिला अंक 7 दिसला की पत्र हावड्याच्या थैलीत पडे. पुढे ते बंगालात जाते की आसामात, याची चिंता हावड्याने करायची. पहिला अंक 2 असेल तर मात्र ते आणखी दोन अंक पाहत. 221 असेल तर वाराणसीची थैली. जिथे अधिक नेमकी थैली उपलब्ध असेल, तिथे ढोबळ थैलीला मान नाही, हा त्यांचा नियम. ही पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना.

ती रात्र आठवण्याचे कारण असे की, आज आपल्या बँकेचे, निवृत्तिवेतनाचे आणि सरकारी दाखल्यांचे जे व्यवहार इंटरनेटवरून होतात, ते याच नियमाने वाटचाल करतात. आपण पाठवलेली माहिती लहान लहान पॅकेटांत विभागली जाते. प्रत्येक पॅकेटावर पोहोचण्याच्या ठिकाणाचा आयपी पत्ता असतो. वाटेतले राउटर नावाचे यंत्र त्या पत्त्याचे सुरुवातीचे आकडे आपल्याजवळच्या सूचीशी ताडून पाहते, सर्वांत नेमकी जुळणारी नोंद निवडते आणि पॅकेट पुढच्या शेजाऱ्याच्या हवाली करते. संपूर्ण मार्ग कोणत्याही एका राउटरला ठाऊक नसतो. प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा माहीत असतो.

आता प्रशासकाच्या मनात साहजिक येणारा प्रश्न: ही सूची कोण तयार करतो? रेल्वे टपाल सेवेत ती वरिष्ठ कार्यालयाकडून येत असे. इंटरनेटला वरिष्ठ कार्यालय नाही. जगात सत्तर हजारांहून अधिक स्वायत्त जाळी आहेत. त्यांत दूरसंचार कंपन्या आहेत, विद्यापीठे, बँका आणि सरकारी खातीही आहेत. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्यांना सांगते की, अमुक पत्ते माझ्याकडे आहेत किंवा माझ्यामार्फत पोहोचतात. शेजारी ते आपल्या शेजाऱ्यांना सांगतात. या देवाणघेवाणीच्या रीतीला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी, म्हणतात. याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड या दोन अभियंत्यांनी 1989 साली जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर तिचा आराखडा रेखाटला. तेव्हा जाळी मोजकी होती आणि चालवणारे एकमेकांना ओळखत होते. शेजाऱ्याचा शब्द खरा मानावा, हे गृहीतक त्या काळाला शोभणारे होते.

मार्ग निवडताना अंतर हा मुख्य निकष असतो, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. एकाच ठिकाणी जाण्याच्या अनेक वाटा समोर आल्या तर जाळ्याचा चालक सहसा आधी व्यवहार पाहतो. जो ग्राहक आपल्याला पैसे देतो त्याच्यामार्फत जाणारी वाट पहिली. ज्याच्याशी बिनपैशाच्या देवाणघेवाणीचा करार आहे त्याची दुसरी. ज्याला आपण पैसे मोजतो त्याची शेवटची. वाटेत किती जाळी लागतात, हा विचार त्यानंतरचा. सचिवालयात आयुष्य घालवलेल्याला यात नवल वाटत नाही. शेजारच्या खोलीत पाठवायची फाइलही दोन मजले चढून, तीन सह्या घेऊन, मगच शेजारच्या खोलीत जाते, कारण तिचा मार्ग अधिकारांच्या उतरंडीने ठरतो, व्हरांड्याच्या लांबीने नव्हे.

याचा फटका आपण प्रत्यक्ष सोसला आहे. एकेकाळी दिल्लीतील एका कंपनीच्या ग्राहकाने दिल्लीतच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेला संदेश परदेशात जाऊन परत येई, कारण दोन्ही कंपन्यांची गाठ तिथेच पडत असे. परकीय चलन खर्च होई आणि वेळही जाई. 2003 साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था स्थापन झाली, ती देशांतर्गत वाहतूक देशातच वळवण्यासाठी. 2016 च्या मार्चमध्ये आगरतळ्याला बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या समुद्री केबलशी जोडण्यात आले आणि त्रिपुराला मुंबई-चेन्नईच्या लांबच्या वळशाला पर्याय मिळाला. त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशाला 100 मेगावॉट वीज देण्याचाही प्रारंभ झाला. मार्ग धोरणाने घडतात आणि चांगल्या धोरणाने सुधारतातही, याची ही दोन उदाहरणे.

परंतु शेजाऱ्याच्या शब्दावर चालणाऱ्या व्यवस्थेचा मूळ दोष त्याने दूर होत नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला. पाकिस्तान टेलिकॉमने त्यासाठी यूट्यूबचे पत्ते आपल्याकडेच असल्याची नोंद केली. यूट्यूब स्वतः 1,024 पत्त्यांचा गट जाहीर करत असे. पाकिस्तानची नोंद त्यांपैकी 256 पत्त्यांची, म्हणजे अधिक नेमकी होती. देशापुरती असायची ती नोंद वरच्या आंतरराष्ट्रीय कंपनीकडे गेली, तिने ती न तपासता पुढे सांगितली आणि नेमक्या थैलीला मान देण्याच्या नियमाने जगभरातील राउटरांनी यूट्यूबची पॅकेटे पाकिस्तानकडे वळवली. जवळपास दोन तास हा गोंधळ चालला. गृह विभागात असताना इंटरनेट बंदीच्या टिपणावर मीही सही केलेली आहे. एका देशाच्या प्रशासनाचा आदेश असा सीमा ओलांडून जातो, हे त्या वेळी माझ्या ध्यानीमनी नव्हते.

या बाबतीत आपणही निर्दोष नाही. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या भारतीय दूरसंचार कंपनीच्या जाळ्याने इतरांचे सुमारे सोळा हजार पत्तेगट आपले म्हणून जाहीर केले. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका कंपनीकडून तीस हजारांहून अधिक पत्तेगटांच्या बाबतीत तेच घडले. या चुका मानवी होत्या, असे मानू. पण जे चुकून घडू शकते ते हेतुपुरस्सरही घडवता येते. 2018 च्या एप्रिलमध्ये चोरांनी ॲमेझॉनच्या नामसेवेचे पत्ते अशाच खोट्या दाव्याने बळकावले, एका आभासी चलनाच्या ग्राहकांना बनावट संकेतस्थळावर नेले आणि दोन तासांत सुमारे दीड लाख डॉलर लांबवले. आपल्या देशात यूपीआयचे महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात. बँकांमधील वाहिन्या बहुतांशी खासगी आहेत, हे खरे. पण नागरिकाच्या फोनपासून ॲपच्या सेवेपर्यंतचा पल्ला याच सार्वजनिक वाटेने कापला जातो. कूटलेखनाचे कुलूप चोरीला आवर घालते. वाटच बंद पडली तर ते कुलूप काय कामाचे?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे वतनाचे तंटे आठवतात. गावची पाटिलकी आपली, असा दावा कोणीही करू शके. म्हणून गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि त्यावर शिक्के उमटत. दावा आणि हक्क यांच्यात कागद उभा असे. इंटरनेटच्या पत्त्यांसाठीही असा कागद आता उपलब्ध आहे. आरपीकेआय या व्यवस्थेत पत्त्यांचा धारक डिजिटल सहीने जाहीर करतो की, माझे हे पत्ते अमुकच जाळे सांगू शकेल. राउटर चालवणाऱ्याने आलेला दावा या सनदेशी ताडून पाहायचा आणि विसंगत असेल तर नाकारायचा. भारतात निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था 2012 पासून पत्ते वाटते, आणि या सनदेची सोयही तिच्यामार्फत आहे. जगातील अर्ध्याहून अधिक जाहीर पत्तेगटांना अशी सनद 2024 मध्ये मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसने आपण या कामात मागे असल्याची कबुली देऊन कृती आराखडा प्रसिद्ध केला.

आपण काय करावे? केंद्र, राज्ये आणि सार्वजनिक बँका यांच्या प्रत्येक पत्तेगटाला ठरलेल्या मुदतीत सनद मिळावी आणि त्याची प्रगती जनतेला पाहता यावी. सरकारने इंटरनेट सेवा विकत घेताना दावे तपासणारीच कंपनी निवडावी. निविदेतील ही एक अट अनेक परिपत्रकांचे काम करेल. परवानाधारक सेवादात्यांवर ग्राहकांचे दावे तपासण्याचे बंधन असावे. मात्र तालुक्याच्या गावी केबलवाल्यापासून सेवादाता झालेल्या लहान व्यावसायिकाला दंडाआधी प्रशिक्षण मिळावे. या सनदेने केवळ मूळ दावेदार पडताळला जातो, मधली वाट नव्हे, हेही लक्षात ठेवावे. विक्रीखताची नोंदणी झाली म्हणून मालकी निर्विवाद ठरत नाही, तसेच हे.

आणखी एक सावधगिरी मी स्वानुभवाने सुचवतो. सनद देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो. ज्या देशात इंटरनेट बंदीचे आदेश इतक्या सहजतेने निघतात, तिथे एखाद्या संस्थेचे पत्ते एका फोनवर निरर्थक ठरवण्याचा मोह होणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. म्हणून सनद रद्द करण्यासाठी लेखी, सकारण आदेश आणि दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे अपिलाचा हक्क या दोन अटी कायद्यातच असाव्यात. अन्यथा सुरक्षेसाठी उभारलेली यंत्रणा बंदीचे नवे हत्यार होईल आणि सेवादाते तिच्यापासून दूर राहणेच पसंत करतील.

मेलगाडीतल्या त्या सॉर्टरला मी विचारले होते, थैलीवरची चिठ्ठीच चुकीची असेल तर? ते हसून म्हणाले, "साहेब, चिठ्ठीवर ज्याची सही असते, त्याला सकाळी जाब द्यावा लागतो." इंटरनेटच्या वाटांवर आज बहुतेक चिठ्ठ्या लागतात, पण जाब देणारी सही सर्वत्र नाही. ती आणण्याचे काम अभियंत्यांनी बरेचसे केले आहे. उरलेले सरकारने आदेशाने, कायद्याने आणि संयमाने करायचे आहे.