पंचनामा मुळाचा करा



मागच्या पावसाळ्यात आमच्या बांधीचा पंचनामा झाला. साहेब धुऱ्यावर उभे राहिले, चिखलात पाय घातला नाही. खाणीची लाल माती नाल्यातून बांधीत शिरली होती, ते दिसत होतंच. तरी कागदावर लिहिलं, "पीक उभे आहे." खोटं नाही लिहिलं. उभंच होतं.

साहेब गेल्यावर मायनं धानाचा एक ठोंब उपटला आणि धुतला. मुळांवर जुन्या खिळ्यासारखा गंज. टोकं काळी, आखूड, सडका वास. मामाचं गाव डोंगराच्या पलीकडे आहे, तिकडे खाणीचं पाणी जात नाही. त्यांच्या बांधीतला ठोंब आणून बाजूला ठेवला. त्याची मुळं लांब, पांढरी, केसासारखे तंतू सुटलेले. दिवाळीनंतर मळणी केली तेव्हा आमच्या धानात निम्मा पोचट दाणा निघाला. भरपाईच्या यादीत नाव नाही, कारण पीक उभं होतं.

म्हणून म्हणतो, पंचनामा पानाचा होतो आणि नुकसान मुळाचं असतं.

हे कसं होतं ते समजून घ्या. बांधीत पाणी साचलं की चिखलात हवा राहत नाही. हवा नसली की मातीतलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. धान हुशार आहे. पानातून हवा खाली नेतं, मुळातून बाहेर सोडतं, त्यामुळे लोखंड मुळाच्या बाहेरच गंजून चिकटतं. असा पातळ तांबूस थर चांगल्या धानालाही असतो, तेवढ्यावर तक्रार करू नका, साहेब हसतील. पण लोखंड फारच झालं की थर जाड होतो. जमिनीतला स्फुरद त्या थरातच अडकतो, नवी मुळं फुटत नाहीत, आणि जास्तीचं लोखंड आत शिरून पानात चढतं. खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात, फुटवे कमी होतात. गावात म्हणतात करपा आला. आम्ही पण दोन वर्षं दुकानातून करप्याचं औषध आणून मारलं. पैसे गेले.

सगळे धातू सारखे वागत नाहीत. तांबं जास्त झालं तर मुळाचं टोक वाढायचंच थांबतं, मुळं जाड आणि बुटकी होतात. शिसं बहुतेक मुळातच अडकून राहतं. कॅडमियम मात्र मँगनीजच्या वाटेनं मुळात घुसतं आणि दाण्यापर्यंत जातं. वरून रोप ठीक दिसू शकतं.

जपानमध्ये तोयामा भागात हेच झालं. वर डोंगरात जस्त-शिशाची खाण, खाली जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती. भात खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली, त्यात जास्त करून म्हाताऱ्या बाया होत्या. त्या आजाराचं नावच "इताई-इताई" पडलं, म्हणजे "दुखतं, दुखतं". 1968 मध्ये सरकारनं मान्य केलं की हे खाणीच्या कॅडमियममुळे आहे. 1971 मध्ये लोक कोर्टात जिंकले, 1972 मध्ये अपिलातही जिंकले. आणि नुसते पैसे घेऊन घरी गेले नाहीत. कंपनीच्या खर्चानं, आपले जाणकार सोबत घेऊन खाण तपासायचा हक्क लिहून घेतला. शेतांची माती सुधारायचं काम 2012 पर्यंत चाललं. आपल्या डोंगरात कॅडमियम आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, एवढंच.

आणि तपासतो कोण? माती परीक्षणाच्या कार्डावर 12 गोष्टी असतात. त्यात लोखंड, तांबं, जस्त, मँगनीज आहे, पण ते कमी तर नाही ना, हे बघायला. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम त्यात नाहीतच. आमच्या कार्डावर लोखंडापुढे "पुरेसे" लिहून आलं. पुरेसे!

धातू कोणता हे कळल्याशिवाय उपायही करता येत नाही. लोखंडाचा त्रास असेल तर बांधीतलं पाणी मध्ये एकदा काढून पुन्हा भरल्यानं मुळांना आराम पडतो. कॅडमियम असेल तर पाणी काढल्यानं उलट ते दाण्यात जास्त जातं.

काही जण म्हणतात, खाणीत आपलीच पोरं कामाला आहेत, कशाला वाद? माझा चुलत भाऊ पण आहे. त्याच्या घरी आता राशनचा तांदूळ शिजतो, कारण त्याची बांधी आमच्याही खाली आहे आणि त्यानं ती सोडून दिली. बाबांनी चपला झिजवून वनहक्काचा पट्टा मिळवला. ती जमीन आपल्याच हातानं पडीक टाकायची का?

वनहक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तेव्हा ठराव घ्या: पंचनाम्यात मुळं उपटून बघितल्याची नोंद पाहिजे, आणि माती, पाणी, धान यांची जड धातूंसाठी तपासणी पाहिजे, नमुने गावासमोर काढून.

तोपर्यंत आपण एवढं करू शकतो. रोवणा झाल्यावर दीड महिन्यानं, लोंब निघायच्या आधी, नाल्याच्या तोंडाजवळचा एक ठोंब आणि जिथे लाल पाणी पोचत नाही तिथला एक ठोंब काढा. उपटू नका, फावड्यानं मातीसकट काढा, नाहीतर बारीक मुळं तुटतात. हलक्या हातानं धुवा, पांढऱ्या कपड्यावर शेजारी ठेवा, फोटो काढा, तारीख आणि गट नंबर लिहा, पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्या. धान कापल्यावर दाखवायला काही उरत नाही.