चोपड्याची वाट पडद्यावर दिसत नाही

पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर ओलांडून दक्षिणेला निघालं की अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी फर्दापूर लागतं. लेण्यांकडे जाणारे पर्यटक तिथे गाडी बदलतात, पाण्याची बाटली घेतात आणि पुढे जातात. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच घाटाखाली मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादूरखान, म्हणजेच खानजहान, थांबला होता आणि त्या थांबण्यावरून पुढे बरीच कुजबुज झाली. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठे बुऱ्हाणपुरावर तुटून पडले होते. खानदेश सुभ्याची ती राजधानी. बहादुरपुरा आणि तटाबाहेरचे इतर श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले जात होते. औरंगाबादेहून खान धावत निघाला, फर्दापूरला अडखळला आणि मग डावीकडे धरणगाव-चोपड्याची वाट धरायची सोडून उजवीकडे एदलाबादकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे वळला. मराठे दरम्यान चोपड्यावरून बागलाणातल्या साल्हेरला सुखरूप पोहोचले. खानाला पैसे पोहोचले होते, अशी तेव्हाची वदंता इतिहासकार खाफीखानाने नोंदवून ठेवली आहे.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ याच छाप्यापासून सुरू होतो. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो प्रदर्शित झाला आणि खानदेशातल्या ज्या प्रेक्षकांना बुऱ्हाणपूर म्हणजे केळीच्या गाड्या आणि नातेवाइकांची लग्नं एवढंच ठाऊक होतं, त्यांनी पडद्यावर ते नाव ऐकून कान टवकारले. पुढे मात्र फर्दापूर आलं नाही, चोपडा आला नाही, साल्हेरही आला नाही. आला तो सिंह. विकी कौशलचा संभाजी त्याच्याशी निःशस्त्र झुंजतो, त्याला लोळवतो आणि प्रेक्षागृहात शिट्ट्या घुमतात. बहुतेक अभ्यासक या मोहिमेचं नेतृत्व सरसेनापती हंबीरराव मोहित्यांकडे देतात, कारण शंभूराजांचा राज्याभिषेक जानेवारीच्या मध्यातच रायगडावर झाला होता. शंभूराजांनाच छाप्यावर नेण्याची सूट सिनेमाला घेता येते, त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते सूट कशासाठी घेतली याबद्दल.

अमेरिकी पुराणकथा-अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये एक मांडणी केली. जगभरच्या वीरकथांचा सांगाडा एकच असतो: नायकाला हाक येते, तो आधी कचरतो, मग घर सोडतो, परक्या मुलखात कसोट्यांतून जातो, मरणाच्या दारातून फिरतो आणि काहीतरी कमावून घरी परततो. त्यांनी बुद्धाची कथा घेतली, आपल्या पुराणातल्या मुचुकुंदाचीही घेतली. जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’ची रचना करताना या मांडणीचा आधार घेतला. पुढे ऐंशीच्या दशकात ख्रिस्तोफर व्होगलर यांनी डिस्नेतल्या सहकाऱ्यांसाठी तिचं काही पानांचं टिपण केलं आणि विद्वानाचा ग्रंथ पटकथेचा साचा बनला. आज मुंबईत पटकथेच्या वर्गात हा साचा पहिल्या आठवड्यातच हाती पडतो.

मराठ्यांच्या इतिहासावर तो बसवताना मात्र एक गंमत होते. आपल्या पोवाड्यातला नायक कचरत नाही. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात हाक येते ती जिजाबाईंकडून आणि तीही सोंगट्यांच्या डावातून: आऊसाहेब डाव जिंकतात आणि शिवाजीराजांकडे सिंहगड मागतात. तानाजी मुलाच्या लग्नाची गडबड टाकून निघतो, ना शंका ना वळून पाहणं. तो सुरुवातीलाच पूर्ण घडलेला आहे. शाहिराला तानाजीच्या मनाचा बदल सांगायचाच नसतो. एका माणसाच्या मोलाने स्वराज्याने काय मिळवलं, हे सांगायचं असतं. सभासदाने १६९४ मध्ये लिहिलेल्या बखरीतही हिशेब तसाच आहे, एक गड मिळाला पण एक गड गेला. ओम राऊत यांच्या २०२० च्या ‘तान्हाजी’ला हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी नायकाला बालपणीची जखम दिली, वडिलांचा मृत्यू दिला आणि गडावर ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ पाठवली. कसोटी मोठी दिसावी म्हणून. कड्यावर चढणारे मावळे तेवढ्याने थोडे लहान झाले.

‘छावा’त तर उलटाच प्रकार घडला. इथे इतिहासच तो साचा आयता पुढ्यात ठेवतो आणि सिनेमा तिकडे पाठ फिरवतो. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजी मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले. एप्रिल १६७९ मध्ये मोगलांनी मराठ्यांचा भूपाळगड घेतला तेव्हा ते मोगलांच्या बाजूला होते; किल्ल्यावरच्या सातशे जणांचा एकेक हात दिलेरखानाने तोडल्याचं साधनं सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस युवराज तिथून निसटून पन्हाळ्याला आले. कॅम्बेलच्या भाषेत सांगायचं तर नायक देवमाशाच्या पोटात जाऊन बाहेर आला. नऊ वर्षांनी औरंगजेबापुढे हाच माणूस झुकत नाही, त्यामागे भूपाळगडाखालचे ते दिवस असू शकतात. कोणताही पटकथाकार यासाठी हात जोडेल. चित्रपट मात्र १६८१ पासून सुरू होतो आणि दिलेरखानाच्या छावणीतलं ते वर्ष मागच्या मागे राहतं.

याला एकटे उतेकर जबाबदार नाहीत. ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ झाला आणि ते दृश्य काढावं लागलं. लेझीम चालत नाही, तिथे दिलेरखान कोण दाखवणार? पण हा भित्रेपणा मराठी परंपरेचा नव्हे. चित्रपटाला आधार असलेली शिवाजी सावंतांची कादंबरी दिलेरखानाला वळसा घालत नाही. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’त बाप-लेकातला दुरावा थेट रंगमंचावर आणला. गावोगावच्या प्रेक्षकांनी ते नाटक पाहिलं, डोळे पुसले आणि कुणाचा संभाजी त्यामुळे लहान झाला नाही.

या सगळ्यात साचा कुणाला बसला असेल तर औरंगजेबाला. बुऱ्हाणपूर लुटलं गेलं तेव्हा तिथल्या उलेमांनी बादशहाला लिहिलं की शहराचं रक्षण होणार नसेल तर शुक्रवारची नमाज थांबवू, असं खाफीखान सांगतो. त्यातच त्याचा मुलगा शहजादा अकबर बंड करून संभाजींच्या आश्रयाला आला. सप्टेंबर १६८१ मध्ये औरंगजेबाने अजमेर सोडलं, नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपुरात होता. घर सोडलं, उंबरठा ओलांडला, कसोट्या तर पंचवीस वर्षं संपल्या नाहीत. परतणं तेवढं नशिबी नव्हतं. १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ तो मेला. अक्षय खन्नाचा टोपी विणत बसलेला, थकलेला बादशहा प्रेक्षकांच्या इतका लक्षात राहिला, त्याला अभिनयाइतकंच हेही कारण असावं. संपूर्ण चित्रपटात आतून बदलत जाणारा माणूस तोच आहे.

मग मराठ्यांकडे कॅम्बेलच्या मापाची कथा नाहीच का? आहे, आणि तिचा महत्त्वाचा टप्पा खानदेशातून जातो. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजींचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. आई येसूबाईंबरोबर तो मोगलांच्या छावणीत गेला आणि तिथेच वाढला. १७०७ च्या मे महिन्यात भोपाळजवळ दोराह्याला त्याची सुटका झाली. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या, त्या परतल्या १७१९ मध्ये. चोवीस-पंचवीस वर्षांचा हा तरुण मूठभर माणसांनिशी नर्मदा उतरला. वाटेत बिजागडचा मोहनसिंग रावळ, सुलतानपूरचा सुजनसिंग रावळ मदतीला आले. मग धुळ्याजवळची लामकानी. इथे मराठा सरदार परसोजी भोसले येऊन मिळाले. हा खरा शाहू की तोतया, असा संशय तेव्हा मराठी मुलखात होता. परसोजी त्याच्याबरोबर एका ताटात जेवले आणि तो मिटवला, असं सांगितलं जातं. लामकानीचं नाव आज पाणलोटाच्या कामासाठी घेतलं जातं. तिथे एका राज्याचा वारस ओळखला गेला, हे शाळेच्या पुस्तकात शोधूनही सापडायचं नाही.

कॅम्बेल यांनी परतीला फार महत्त्व दिलं होतं. नायक घरी येतो, पण घर त्याला ओळखेलच असं नाही. शाहूचं नेमकं तेच झालं. काकू ताराबाईंनी शाहूला साथ न देण्याच्या शपथा सरदारांकडून दूधभातावर घेतल्या. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, पण निकाल लागला तो ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांच्या मनात. ते शाहूकडे गेले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. या कथेत तलवारीपेक्षा चालणं जास्त, तोफेपेक्षा बोलणं जास्त. निर्मात्याचा खर्चही वाचेल.

अडचण एकच, खलनायकाची जागा कोणाला द्यायची? समोर ताराबाई आहेत. पती राजारामांच्या मृत्यूनंतर सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली होती आणि आपल्या मुलासाठी त्या हक्क मागत होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, शाहूचंही नव्हतं. दोघांच्याही बाजूने उभं राहणारी पटकथा लिहायला धीर लागेल. प्रेक्षकांची धास्ती मात्र लेखकाने बाळगू नये. दोन बरोबर माणसांचं भांडण शांतपणे बघण्याची सवय त्यांना कानेटकरांनी कधीच लावलेली आहे.