ढग थांबला तर नंदिनीचं काय?

पूर म्हटलं की नाशिककराची नजर दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी गुडघ्याला लागलं की छातीला, यावरून गोदावरीचा जोर कळतो. शिवाय गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडणार, हे आधी जाहीर होतं आणि काठावरच्या दुकानदाराला माल हलवायला थोडा वेळ मिळतो. नाशिकच्याच सातपूर भागातल्या नंदिनी नदीला, म्हणजे जुन्या माणसांच्या नासर्डीला, विसर्गाचा असा आकडा नाही. बेळगाव ढगा या गावाकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस एमआयडीसीच्या अंगाने उंटवाडीकडे आणि पुढे पुणे रस्त्यावरच्या नासर्डी पुलाखाली धावतो. पात्र लहान, त्यामुळे पाणी चढायला वेळ लागत नाही.

मे महिन्यातला वळीव बहुतेक वेळा धावता असतो. धूळ उडवतो, दोन-चार झाडं पाडतो आणि पुढे जातो. त्याची मला तेवढी धास्ती नाही. धास्ती आहे ती एका जागी थबकणाऱ्या ढगाची. एकूण पाऊस म्हणजे पडण्याचा वेग गुणिले मुक्काम. चार्ल्स डॉसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली अचानक येणाऱ्या पुराच्या अंदाजाची पद्धत याच साध्या हिशेबावर बांधली. वरच्या थरांतला वारा मंद असेल आणि हवेत समुद्राकडून आलेली ओल खोलवर मुरलेली असेल, तर ढग हलत नाही. कधी वारा असूनही हलत नाही: वारा जुन्या ढगाला पुढे ढकलतो आणि त्याच वेळी पावसाने गार झालेल्या हवेच्या रेट्यावर मागच्या बाजूला नवा ढग उभा राहतो. डोंगर जवळ असेल तर हे आणखी सोपं होतं, आणि सातपूरच्या पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरी आहेतच.

तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर एमआयडीसीतल्या एक एकराच्या प्लॉटवर दोन लाख लिटर पाणी पडतं. पत्र्याची शेड, काँक्रीटचं आवार, डांबरी रस्ता. जिरायला जागाच नाही. ते सगळं गटारात जातं, आणि गटाराच्या तोंडाशी पॅकिंगचं प्लास्टिक व थर्माकोल अडकलेलं असतं. वळीव येतो दुपारनंतर, म्हणजे नेमका पाळी सुटून कामगार दुचाकीवर निघण्याच्या वेळेला.

पुण्याने हे भोगलं आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून वस्त्यांत घुसला आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तो पावसाळ्याचा शेवट होता, पण प्रकार हाच: छोटा ओढा, थोड्या वेळात प्रचंड पाणी.

मग अंदाज कोण देणार? हवामान खात्याचा इशारा साधारण जिल्हा पातळीवरचा असतो, पाऊस मात्र काही किलोमीटरवर बदलतो. 26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस झाला, तोही एकाच मुंबई शहरात! मुंबईच्या रडारचा किरण दीडशे किलोमीटरवर नाशिकला येईपर्यंत स्वतःच्या तिरकेपणामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे अडीच किलोमीटर वर गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री आहे. ढगाच्या पोटाखाली काय चाललंय, ते त्याला नीट दिसत नाही. खात्याचा तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि ऑक्टोबर 2020 पासून दक्षिण आशियासाठी सुरू झालेली आकस्मिक पुराच्या मार्गदर्शनाची यंत्रणा, ही दोन्ही कामाची आहेत. पण त्यांचा निरोप नंदिनीच्या पुलापर्यंत कुणीतरी पोचवायला हवा.

ते काम महापालिका आणि एमआयडीसीचं आहे. उगमाकडच्या गावांत दोन-तीन स्वयंचलित पर्जन्यमापक बसवा, नंदिनीवरच्या आयटीआय पुलावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र लावा. अर्ध्या तासात किती पाऊस झाला की भोंगा वाजवायचा, तो आकडा ठरवून जाहीर करा. कारखान्यांकडे पाळीचे भोंगे आहेतच, तेच वापरता येतील. खोटा इशारा गेला तर लोक चिडतील, हे मान्य. तरीही मी दोन खोटे भोंगे पत्करीन.

वाचकहो, दुपारी अंजनेरीकडे काळं आभाळ दिसलं आणि अर्ध्या तासानेही ते तिथेच उभं असेल, तर पाळी सुटल्यावर नंदिनीच्या सखल पुलावर गाडी घालू नका. पाणी उतरेपर्यंत कारखान्यातच थांबा.