एक एक्स्टेंशन, चार ब्राउझर

प्लगइन आणि एक्स्टेंशन हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण दोघांची जातकुळी वेगळी. प्लगइन म्हणजे ब्राउझरला बाहेरून चिकटवलेला मशीन कोड. फ्लॅश, जावा वगैरे मंडळी. विंडोजला वेगळी फाइल, मॅकला वेगळी, आणि लिनक्सवाल्यांनी देवाचं नाव घ्यायचं. आयईचं तर अ‍ॅक्टिव्हएक्स नावाचं स्वतंत्र संस्थानच होतं. क्रोमने २०१५ मध्ये हे जुने प्लगइन बंद केले, २०२० च्या अखेरीस फ्लॅशही गेलं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

एक्स्टेंशनचं मात्र वाटतं. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स युनिकोडमध्ये नव्हत्या तो काळ आठवतोय? प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, आणि तो धड दिसायचा आयईत. फायरफॉक्समध्ये उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! तेव्हा ‘पद्म’ नावाचं एक एक्स्टेंशन अशा भारतीय भाषांतल्या खिचडीचं युनिकोड करून द्यायचं. त्यासाठी ना वर्तमानपत्राला विचारावं लागलं, ना फॉन्टवाल्याला. एक्स्टेंशनची खरी गंमत ही आहे. पान त्यांचं असेल, पण ते कसं वाचायचं हे मी ठरवणार.

तेव्हाच्या फायरफॉक्सची एक्स्टेंशन्स ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालू शकायची. हे धोक्याचं होतं, आणि ब्राउझरची नवी आवृत्ती आली की निम्मी मोडायची. म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७ व्या आवृत्तीत, मोझिलाने ती पद्धत बंद करून क्रोमच्या धर्तीची वेबएक्स्टेंशन्स घेतली. पुढे एज क्रोमियमवर आला, २०२० मध्ये सफारीनेही तोच मार्ग धरला. म्हणजे एकदा लिहा, चारही ठिकाणी चालवा. कागदावर तरी.

मी फावल्या वेळात असंच एक छोटं एक्स्टेंशन सांभाळतो, जुन्या फॉन्टमधली पानं वाचण्यासाठी. पानाच्या आत चालणारा कोड सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे. भानगड मागे चालणाऱ्या भागाची. क्रोममध्ये तो सर्व्हिस वर्कर, तीस सेकंद काम नसलं की झोपतो आणि व्हेरिएबल्स विसरतो. फायरफॉक्समध्ये त्याच जागी इव्हेंट पेज. यावर उपाय सोपा आहे, लक्षात ठेवायचं ते सगळं स्टोरेजमध्ये टाका. असो, ही झाली कारकुनी.

खरी अडचण कोडची नाहीच. सफारीसाठी पूर्वी मॅक आणि एक्सकोड लागायचंच, आणि स्टोअरमध्ये ठेवायचं तर वर्षाला ९९ डॉलर. रविवारी फुकट काम करणाऱ्याने हे का भरावेत? आणि क्रोमचं मॅनिफेस्ट व्ही ३. पूर्वी अ‍ॅडब्लॉकर प्रत्येक रिक्वेस्ट स्वतः तपासून अडवू शकायचा. आता नियमांची यादी आधी द्यायची, अडवणार क्रोम. जून २०२४ पासून जुनी एक्स्टेंशन्स बंद व्हायला लागली, २०२५ मध्ये उरलेलीही गेली. फायरफॉक्सने अडवायची सोय ठेवली आहे. म्हणजे एकच कोड ठेवायचा तर दुबळ्यात दुबळ्या ब्राउझरपुरतं लिहा, नाहीतर दोन आवृत्त्या सांभाळा.

गूगलचं म्हणणं, हे सुरक्षिततेसाठी. भीती खोटी नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन दुसऱ्याच्या हातात गेलं आणि २०२१ मध्ये मालवेअर म्हणून काढावं लागलं. पण व्ही ३ मध्येही परवानगी घेतलेलं एक्स्टेंशन तुमच्या रिक्वेस्ट बघू शकतंच. फक्त अडवू शकत नाही. चोराला खिडकीतून बघू द्यायचं आणि घरमालकाच्या हातातली काठी काढून घ्यायची, ही कुठली सुरक्षितता? त्यात काठी काढून घेणारी कंपनी जाहिरातींवर जगणारी. मी तरी याला तांत्रिक निर्णय म्हणणार नाही.

२०२१ पासून डब्ल्यूथ्रीसीच्या एका गटात चारही कंपन्या समान एपीआयवर बोलतायत. नावं आणि फंक्शन्स जुळतीलही हळूहळू. पण काय करू द्यायचं, हे ज्याचा त्याचा मालक ठरवतो.

तोवर मी लिहितो आधी फायरफॉक्ससाठी, मग क्रोमला बेतून घेतो. एजला तेच चालतं. सफारीचं बघू, कुणाकडे जुना मॅक धूळ खात पडला असेल तर कळवा.