गाडीचं छप्पर गळतंय, सर!



दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवला. खिडक्या, दारं, चाकं, सगळं. चित्र छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. फोटो ग्रुपवर गेले, शाबासकी मिळाली. मग सातपुड्यातला पाऊस सुरू झाला आणि दुसरीच्या वर्गात पत्र्यातून धार लागली. मुलांना कोरड्या कोपऱ्यात सरकवून मी शिकवत होतो. मुलाला न्यायला आलेली एक आई भिंतीकडे बघून पावरीत म्हणाली, "गाडीचं छप्पर गळतंय, सर!"

ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. कारण रंगकाम करायचं हे आम्ही दोघा-तिघांनी ऑफिसात बसून ठरवलं होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर तिथल्या मतदारांची मंजुरी लागते. २००० साली झालेल्या बदलानंतर ५५ टक्के मतं पुरतात, पण अट अशी की कामांची यादी आधी जाहीर करायची आणि नंतर नागरिकांच्या समितीने खर्चावर लक्ष ठेवायचं. कर्ज फेडलं जातं लोकांच्या मालमत्ता करातून. आपल्याकडे कर वाढवून खोल्या बांधा असं मी म्हणणार नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांना ते परवडणार नाही, आणि ती जबाबदारी सरकारचीच आहे. पण यादी आधी आणि हिशोब नंतर, एवढं तर आपण घेऊ शकतो ना?

आपला कायदाही तेच सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ठराव आधी लिहिला जातो, सह्या आणि अंगठे नंतर घरोघरी फिरून घेतले जातात. मीही फिरलोय.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षाचं शाळा अनुदान पटावर मिळतं. ते वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्तीत संपतं, त्यात खोली होत नाही. मात्र आपल्या जिल्ह्यातला मोठा भाग पेसा क्षेत्रात आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळावा असा शासन निर्णय आहे, आणि शिक्षण हा त्यातला एक विषय आहे. हा पैसा कुठे लावायचा ते ग्रामसभेत ठरतं. तिथे शाळेचा विषय मांडायला आपल्यापैकी किती जण जातात?

काही सहकारी म्हणतात, ग्रामसभेत राजकारण होतं, लोकांना काय कळतंय. पण दारूचं दुकान बंद करायला बाटली उभी की आडवी हे मत महाराष्ट्रातल्या बायकांनी गावोगाव दिलंय. माणसाला नाही, विषयाला मत. मग मुलींच्या शौचालयाला पाणी आधी की कुंपण आधी, हे त्यांना का ठरवता येणार नाही? उलट रोज पाण्याचा हंडा उचलणारीलाच ते नीट कळतं.

एक गोष्ट मात्र मताला टाकायची नाही. खोली धोकादायक झाली असेल तर तिचं निर्लेखन व्हायलाच हवं, त्यात मुलं बसवायची नाहीत. तिथे अभियंत्याचा अहवाल चालेल, हात वर करणं नाही.

खरी अडचण वेळेची आहे. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, बरीच गुजरातकडे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांची मुलं शाळेत आहेत तेच आईबाप नसतात. म्हणून यादी १५ ऑगस्टला किंवा २ ऑक्टोबरला ठरली पाहिजे. हिशोब वाचायचा तर होळीच्या आसपास, तेव्हा माणूस कुठूनही गावाला येतोच. सभा अर्थातच पावरीत किंवा भिलीत. आणि नियमाप्रमाणे आधी महिलांची सभा.

येत्या १५ ऑगस्टसाठी मी मोठ्या कागदावर चित्रं काढून ठेवली आहेत: गळका पत्रा, शौचालयाची टाकी, कुंपण, हँडपंप, रंगकाम. प्रत्येक चित्रासमोर एक डबा. प्रत्येकाला मक्याचे तीन दाणे. वाचता येत नाही म्हणून कोणी मागे राहायला नको. मुख्याध्यापकांना कल्पना पटली आहे, पण रंगकाम यादीत कशाला असं ते विचारत होते. म्हटलं, असू द्या. दाणे तिथेच जास्त पडले तर आपण परत ब्रश घेऊ.