विश्लेषण : नाताळच्या सुट्टीत अंदमान... पाच दिवसांत चार बेटे का बसत नाहीत?

दिवाळी संपली की मोबाइलवर अंदमानच्या पॅकेजच्या जाहिराती सुरू होतात. 'पाच दिवस, चार बेटे'. पासपोर्ट लागत नाही, चलन बदलावे लागत नाही, हिंदी सगळीकडे चालते आणि डिसेंबरातही समुद्र कोमट असतो. नाताळची सुट्टी उबदार बेटावर घालवायची तर मराठी कुटुंबासाठी यापेक्षा सोपा पर्याय नाही, हे मान्य. अडचण त्या 'पाच दिवस, चार बेटे' या हिशेबात आहे. तो जमवताना सुट्टीचा अर्धा वेळ बोटीच्या रांगेत जातो, आणि त्याची काही किंमत बेटांवर राहणाऱ्यांनाही मोजावी लागते.

संध्याकाळी पाचला अंधार का?

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. हा रेखांश मिर्झापूरजवळून जातो. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) साधारण ९२.७ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीसएक मिनिटे पुढे धावतो. मुंबई ७३ अंशांच्या जवळ, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या मागे. दोन्ही शहरांचे घड्याळ एकच, पण सूर्यात सव्वा तासाहून अधिक अंतर.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्ट ब्लेअरला साडेपाचनंतर थोड्याच वेळात सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईत त्या वेळी सूर्योदय सातनंतर आणि सूर्यास्त सहानंतर. आपण सुट्टीत आठला उठतो, नऊला नाश्ता करतो, अकराला हॉटेलबाहेर पडतो. अंदमानात अकरा वाजले म्हणजे जवळजवळ मध्यान्ह झाली. दिवसाचा निम्मा उजेड संपलेला असतो. दुपार कलली की स्नॉर्केलिंग आणि छोट्या बोटींची ये-जा आवरती घेतात. राधानगरला सूर्यास्त पाहायचा असेल तर चारला तिथे असायला हवे. साडेपाचला पोहोचलात तर काळोखात लाटांचा आवाज तेवढा ऐकू येईल.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे हे गणित एकाही जाहिरातीत नसते. यावर उपाय मात्र फुकट आहे. तिथे गेल्यावर पहाटे पाचला उठा आणि रात्री नऊला झोपा. अंधार पडल्यावर करण्यासारखी एक गोष्ट पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, ती म्हणजे सेल्युलर जेलमधला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही. मराठी पर्यटकांचे पाय इथे वळतातच. दुपारी तासभर कोठड्या पाहून, बाहेर चहा घेऊन पुन्हा आत कार्यक्रमाला बसणे, हा माझ्या मते सगळ्यात चांगला पहिला दिवस.

बोट चुकली तर?

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप (जुने हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (जुने नील) इथे जायला बोटच लागते. ही नावे ३० डिसेंबर २०१८ ला बदलली, पण तिकिटाच्या अॅपवर आणि स्थानिकांच्या तोंडी जुनी नावे अजून आहेत, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवा. एका बाजूचा प्रवास दीड ते अडीच तासांचा. त्याआधी धक्क्यावर हजेरी, सामानाची तपासणी, उतरल्यावर रिक्षा, हॉटेलात खोली तयार होईपर्यंतची वाट. बेट बदलण्याचा प्रत्येक दिवस असा दुपारपर्यंत संपतो. पाच दिवसांत तीनदा बेट बदलले तर पाण्यात उतरायला उरते काय?

शिवाय डिसेंबरचा समुद्र भरवशाचा नाही. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ पूर्ण सरलेला नसतो आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत असतात. २०१६ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. हीच प्रणाली पुढे 'वरदा' चक्रीवादळ होऊन चेन्नईवर आदळली. असे दरवर्षी होत नाही. पण परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी बोटीने पोर्ट ब्लेअरला पोहोचण्याचे नियोजन कुणी करून दिले असेल, तर ते आजच बदलून घ्या. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

चौथे 'बेट' कोणते?

बहुतेक पॅकेजांत चौथा आकडा भरायला बाराटांग असते. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. तिथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ताफ्याने सोडतात, त्यासाठी पहाटेच निघावे लागते. या राखीव भागातला रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. गाड्या अजून धावतातच. गुहा पाहायला म्हणून त्या माणसांच्या घरातून पर्यटकांचा ताफा न्यायचा, हे मला पटत नाही. बाराटांग पॅकेजमधून वगळा, एक दिवस आपोआप मोकळा होईल.

तिथला नाताळ कुणाचा?

रिसॉर्टमध्ये कापसाचा बर्फ लावलेले झाड असते. पण अंदमान-निकोबारात नाताळ हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही. निकोबारी समाजातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. कार निकोबारचे बिशप जॉन रिचर्डसन यांनी नवा करार निकोबारी भाषेत आणला, आणि पहिल्या लोकसभेत या बेटांचे नियुक्त सदस्यही तेच होते. मध्य अंदमानात मायाबंदरजवळ १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या कॅरेन लोकांची गावे आहेत, तेही ख्रिस्ती. छोटा नागपूरमधून जंगलतोडीसाठी आणलेले उराव, मुंडा, खडिया मजूर इथे 'रांची' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यातही ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत.

पोर्ट ब्लेअरमध्ये शिकणारी, नोकरी करणारी ही माणसे डिसेंबरात घरी जातात. जायचे कसे, तर बोटीनेच. सरकारी बोटींचे भाडे बेटवासीयांसाठी कमी ठेवलेले असते, कारण त्यांच्यासाठी ती एसटी आहे. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाडीचे तिकीट मिळत नाही तेव्हा काय होते, ते वेगळे सांगायला नको. म्हणून या आठवड्यात हॅवलॉक-नीलला जाताना स्वस्त पडते म्हणून सरकारी बोटीच्या मागे लागू नका. खासगी बोटी आहेत, महाग आहेत, त्यांचे तिकीट महिनाभर आधी काढा. प्रशासनानेही नाताळच्या आठवड्यात सरकारी बोटींतल्या जागा आधी बेटवासीयांना आणि उरल्या तरच पर्यटकांना, असा नियम करायला हरकत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेले विमानतळाचे नवे टर्मिनल वर्षाला सुमारे ५० लाख प्रवाशांच्या हिशेबाने बांधले आहे. बेटांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८० हजार होती. इतकी माणसे विमानातून उतरली तर त्यांना पुढे नेणाऱ्या बोटी, त्यांना लागणारे गोडे पाणी आणि बरीचशी डिझेलवर तयार होणारी वीज त्याच प्रमाणात कुठून येणार, हा प्रश्न विमानतळाच्या उद्घाटनावेळी फारसा कुणी विचारला नाही.

नाताळचा दुसरा दिवसही इथे साधा नसतो. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने निकोबारची गावे पुसली. हजारो माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. देशाचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचला. उत्तर अंदमानात उलट झाले, जमीन वर उचलली गेली आणि पोवळ्यांचे खडक उघडे पडले. पोर्ट ब्लेअरहून वंडूरकडे जाताना सिप्पीघाटला रस्त्यालगत पाणथळ दिसते, टॅक्सीतले लोक त्याचे फोटो काढतात. ती खचलेली भातशेती आहे. निकोबारमध्ये पर्यटकांना जाता येत नाही, पण निकोबारी माणसे पोर्ट ब्लेअरमध्ये आहेत. २६ च्या सकाळी हॉटेलातला कर्मचारी गप्प दिसला तर त्याला सेवेवरून सुनावण्याआधी तारीख आठवा.

मग बेत कसा आखायचा?

पोर्ट ब्लेअर आणि आणखी एकच बेट. मुले लहान असतील तर शहीद द्वीप, कारण ते लहान आहे आणि सायकलवर फिरता येते. तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळाची केबल आल्यापासून स्वराज द्वीपवरही इंटरनेट बरे चालते, तरी हाताशी रोख असू द्या. शाळेच्या सुट्टीचे बंधन नसेल तर फेब्रुवारीत जा, समुद्र शांत असतो आणि विमानाचे भाडेही नाताळइतके चढलेले नसते. आणि मुलांनी किनाऱ्यावर वेचलेले पोवळ्याचे तुकडे तिथेच ठेवायला सांगा. मेलेले पोवळेही बेटाबाहेर नेता येत नाही, विमानतळावरच्या तपासणीत बॅग उघडून ते काढून घेतात.