बांध कोणी खाल्ला?

दिवाळीच्या फराळात माती कालवणारा लेखक कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा मी भांडणार आहे. भांडण पावसाशी नाही, सरकारशीही फारसे नाही. ज्यांची नावे गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत, अशा सभ्य गृहस्थांशी ते आहे.

शेतातली माती वाहून गेली की आपण खापर पावसावर फोडतो. पाऊस काय काल पडू लागला? सोलापूरकडच्या भारी काळ्या रानात ज्वारी रब्बीची. म्हणजे ऐन पावसाळ्यात रान उघडे. थेंबाच्या माराने ढेकूळ फुटते, माती फुगून भेगा मिटतात, पाणी मुरायचे थांबते आणि गढूळ होऊन उताराला लागते. जुन्या पिढीला हे पुस्तकावाचून कळत होते. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला तो १९४२ साली. त्याखाली बांधबंदिस्ती झाली. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, तसे बांधही घातले. मग ते बांध गेले कुठे?

आपण खाल्ले. एकेका तासाने खाल्ले. अलीकडच्याने नांगराचा एक तास बांधात घातला, पलीकडच्याने पुढच्या साली त्याला उत्तर दिले. आमच्याकडे दोघे चुलत भाऊ अशा वीतभर उरलेल्या बांधासाठी कचेरीच्या तारखा करीत होते. मधल्या पावसात बांधच फुटला आणि घळ दोघांच्या रानांतून गेली. आता तो कोणाच्या बाजूने फुटला, यावर वाद आहे! एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर थर गेला, तर अंदाजे पाच टन माती गेली. वकिलाची फी यात धरलेली नाही.

हिशोब पटत नसेल, तर अंगणात पोरांनी केलेल्या किल्ल्याकडे जा. अळीव उगवलेल्या उतारावर तांब्याभर पाणी ओता, मग उघड्या उतारावर ओता. पोरे रागावतील, पण खाली काय साचले ते पाहून घ्या.

तेच शिवारातून धरणात साचते. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना आणली. योजना वाईट नाही. गाळ रानात पडला की पीक उठते. परंतु हा गाळ म्हणजे वरच्या कोणाच्या तरी रानाची माती! ती जाऊ द्यायची, मग यंत्राने उपसून डंपरने आणायची, वर नारळ फोडायचा. हिवरे बाजारने उलटे केले. आधी डोंगरावर समपातळी चर खोदले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. माथ्यावर पाणी थोपले, म्हणून पायथ्याची माती राहिली. आपल्याला मात्र पायथ्याशी नाला रुंद करण्याची भारी हौस. तिथे छायाचित्र चांगले येते.

खरी कामे छायाचित्रात येत नाहीत. काळ्या रानात पाणी तुंबले की बांध फुटतो, म्हणून तिथे ढाळीचा बांध आणि दगडांनी पिचिंग केलेला सांडवा लागतो. घळीच्या वरच्या तोंडापासून खाली अनगड दगडांचे बांध रचावे लागतात. बांधावर मारवेल, पवना लावायचा आणि तो जाळायचा नाही. नांगरट, पेरणी उताराला आडवी. यात अवघड काही नाही; दरसाल पावसाळ्याआधी कोणीतरी फावडे घेऊन जायला हवे.

ते कोण जाणार? तुम्ही पुण्यामुंबईस, जमीन एका सालाच्या खंडाने दिलेली. पुढच्या साली ती आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने तुमचा सांडवा का बांधावा? त्याला बेजबाबदार म्हणणारे मालक मी पुष्कळ ऐकले आहेत. खंड मात्र ते वेळेवर मागतात.

तेव्हा पाडव्याला गावी जाल, तर खंडाचा करार निदान पाच सालांचा करा आणि त्यात लिहा, की बांधाला नांगर लागणार नाही व सांडव्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकाचा. मालकाचा, हे मी मुद्दाम म्हणतो आहे.